तीव्रता: किरकोळ

ऐरोलीत, चौथ्या मजल्यावर, रात्री अडीच वाजता
मी एका निवटीला मोठं करते.
खेळात तिला निवटी म्हणत नाहीत,
यादीत तिचं काहीतरी तोंडात न मावणारं नाव आहे,
पण चिखलातून सरपटणारं, डोळे डोक्यावर घेऊन बसलेलं हे पोर
मी ओळखते.
दिव्याच्या खाडीत आम्ही ती डालड्याच्या डब्यात धरायचो.

खांद्यावरचं बटण दोन सेकंद दाबून धरायचं.
आभाळ जांभळं होतं. निवटी फुगते,
फुगत फुगत मैदानाच्या दिव्यांच्या वर जाते,
ढग तिच्या कमरेला टॉवेलसारखे गुंडाळले जातात.
समोरचा दगडी राक्षस मान वर करून बघत राहतो.
तीन फेऱ्या.
तीन फेऱ्या ती शेपूट आपटेल तिथे लाट.
मग कुणी झडप उघडल्यासारखी ती खाली येते
आणि पुन्हा वीतभर.

मोठं होणं माझ्याकडे नाही, ते पुण्याची टीम बघते.
माझ्याकडे लहान होणं आहे.
नीट होते का लहान?
डोळे आधी आणि शेपूट मागाहून, असं तर होत नाही?
बर्फात? हरताना? बॅटरी संपत आली असताना?
आज एकशे बारा वेळा झाली.

शाळेत बाईंनी त्या बुटक्या बटूची गोष्ट सांगितली होती,
तीन पावलांपुरता आभाळाएवढा झालेला.
मी विचारलं, मग परत लहान कसा झाला?
आणि छत्री? तीपण मोठी झाली होती का?
बाई म्हणाल्या, मढवी, खाली बस.

एकशे तेराव्या वेळी निवटी लहान झाली
आणि सावली झाली नाही.
वीतभर जीव,
त्याच्या मागे मैदानभर काळोख, कल्ल्यांसकट.
ती वळली की तो वळतो.
ती डोळे मिचकावते, आणि अर्धं प्रेक्षागृह अंधारात जाऊन येतं.

बुधाजी मढवी, उंची पाच फूट तीन,
रबाळ्याला रंगाच्या कंपनीत ड्रम लोटायचे.
गावदेवीच्या जत्रेतल्या सामन्यांत, हॅलोजनखाली,
रेषेला हात लावून तो कपाळाला लावायचे
आणि एक दम घ्यायचे.
एवढंच. एक दम.
पलीकडचे सातजण कोपऱ्यात सरकत जायचे,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
आणि समाजमंदिराच्या भिंतीवर आमचे बाबा दोन मजले.
दम तुटायच्या आत रेषेवर परत यायचं, असा नियम आहे.
ते यायचे.
सकाळी सहाला फोनवर सुपरवायझरला
‘हो साहेब, येतो साहेब’ म्हणायचे,
तो आवाज मोरीत दात घासताना मला ऐकू यायचा.
आता भिंतीला गुलाबी रंग आहे, वर नगरसेवकाचा फलक.
तरी तिथून जाताना मी जरा बाहेरून वळते,
कुणाच्या तरी पायावर पाय पडेल म्हणून.

अपेक्षित: तिसऱ्या फेरीनंतर सावली शरीराएवढी.
प्रत्यक्ष: सावली ऐकत नाही.
हे खोडून नीट लिहिते: सावलीचा आकार बदलत नाही.
तीव्रता: किरकोळ.

‘पुन्हा घडतं का?’ शमिका खुर्चीतूनच विचारते.
‘अजून तरी नाही.’
‘मग कशाला टाकतेस? सोमवारी बिल्ड जायचंय.’
तिचंही बरोबर आहे. तिला घरी तापलेलं पोर आहे.
मी आणखी चाळीस वेळा मोठी करते,
चाळीस वेळा लहान होते, सावलीसकट, शहाण्यासारखी.

खाली चहावाल्याने स्टोव्ह पेटवला असेल.
बाबांच्या गुडघ्याची गोळी आठला असते, त्याआधी पोचायचं.
मी टिकेट बंद करत नाही.
त्या एकाच वेळेचा फोटो तेवढा जोडते.
अख्खी सावली फोटोत बसवायला
कॅमेरा मागे, आणखी मागे न्यावा लागला,
आणि तेवढ्या लांबून
निवटी दिसतच नाही.