कानाची पाळी

बोरा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
केकोबाद पंथकींच्या पेढीत
निळ्या मखमलीवरचं सोनं
बाबांनी आधी नखानं उचललं,
मग भिंग डोळ्यात बसवलं.
छत्तीस वर्षं टांकसाळीत ठसे कोरलेला माणूस
चेहरा बघत नाही. कडेपासून सुरू करतो.

रोमचा कुणी सम्राट. पंथकींनी नाव सांगितलं,
बाबांनी हात हलवला, असू दे.
"वय काय ह्याचं तेव्हा?"
"साठी उलटली असावी."
"आणि हा बघ, विशीतला. हनुवटीखाली वळी नाही.
वरून निरोप आला असणार."

का हसले, ते मला माहीत होतं.
कुण्या पुढाऱ्याच्या शताब्दीचं नाणं होतं.
बाबांनी कपाळावर तीन आठ्या कोरल्या,
फायलीवर शेरा आला: एक पुरे.
पोलादातली रेघ पुसायची म्हणजे
सगळा माथाच खाली घ्यावा लागतो,
एवढंच त्या रात्री आईला म्हणाले, आणि ताक मागितलं.

मागच्या बाजूला आसनावर बाई, हातात फांदी.
"शांती," पंथकी म्हणाले.
शिपायांच्या पगारातून ती गावोगाव जायची,
जिथे त्यांनी गावं शिल्लक ठेवली होती तिथे.

"पण कान बघ," बाबा म्हणाले.
"कानाबद्दल कुणी हुकूम काढत नाही.
पाळीची ही कड, आत वळताना जरा थांबलीय.
इथे ह्याचा हात ह्याचा स्वतःचा होता."

आणि मग ती चीर.
गालावरून नाकापर्यंत, छिन्नीचा एकच घाव.
सोपाऱ्याच्या नाहीतर कल्याणच्या धक्क्यावर
कापडाच्या गठ्ठ्यांचा हिशेब करताना
कुण्या सराफानं आत तांबं आहे का पाहिलं.
भोवतीची अक्षरं त्याला लागत नव्हती,
देवाचा पुत्र, पित्यांचा पिता, जे काय असेल ते.
सोनं निघालं. वजनात घेतलं.

"चीर नसती तर तिप्पट भाव," पंथकी हळहळले.
बाबांनी भिंग धोतराच्या सोग्याला पुसलं.
जिन्यात, कठडा धरून, मध्येच थांबले.
"दोघं आपल्यातलेच," म्हणाले,
"कोरणारा, आणि तो दुसरासुद्धा."

खाली चहावाल्यानं सुटे मागितले.
बाबांनी खिशात हात घातला,
न बघताच, अंगठ्यानं कडा चाचपत,
बराच वेळ.