स्टेपनी

तहसीलच्या मागं, झेरॉक्सच्या बाजूला माझं दुकान.
बाँड, शपथपत्र, लग्नपत्रिका, सर्व प्रकारचं टायपिंग.
मन्मथ हुडगे रोज अकराला यायचे.
खुर्ची दिली तरी उभेच,
टेबलाला कंबर टेकवून.
अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर,
सीट म्हणजे प्रवाशाची, हे अंगातच मुरलेलं.

त्यांच्याकडं शब्द होते.
उदगीर-मुखेड, उदगीर-देवणी, मुक्कामी जळकोट,
गाडीत कानावर पडलेले,
वेबिलाच्या पाठीवर पेन्सिलीनं टिपलेले.
चाडं. बुचाड. पाचुंदा.
उलसं सरक की रं, असं कुणीतरी कुणालातरी म्हणालेलं,
आणि खाली बारीक अक्षरात:
कोणत्या थांब्याला चढलं, कुठं उतरलं.
मी टाईप करायचे.
ते ओळ वाचून बघायचे
आणि कागद फाडायचे, तिकिटासारखा,
बरोबर अर्ध्यातून.
झालं. बसला शब्द.

पहिल्याच दिवशी विचारलं होतं, स्टेपनी हाय का?
मला कळेना.
बेटा, ह्या डब्याचं टायर बसलं तर?
मग मोबाइलवाल्याशी घासाघीस करून
तीन पेनड्राइव्ह आणले.
एक माझ्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या शाईशेजारी.
एक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, दस्तीत गुंडाळून.
तिसरा मुखेडला, बहिणीकडं,
सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हाती.
महिन्यानं परत यायचा, भरून घ्यायचा, पुन्हा जायचा.
वर चिठ्ठी: नाजूक आहे. पाण्यापासून जपणे.

भाच्यानं तिकडं एकदा उघडून बघितला.
फोन आला, मामा, नुसते चौकोनच दिसायलेत.
फॉन्ट नव्हता त्याच्याकडं.
हुडगेकाका पोट धरून हसले:
सीटा हायत म्हणं, पॅसेंजर उतरून गेलेत.

मे महिन्यात एका दुपारी लाईट तीनदा गेली.
इन्व्हर्टर किंचाळला
आणि कॉम्प्युटर उठलाच नाही.

दस्तीतला धुण्यात गेला होता, आदल्या रविवारी.
सुनेनं तो दस्तीसोबत
दोरीवर वाळत घातला होता, चिमटा लावून.
हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं.
ड्रॉवरमधला मी एका लग्नपत्रिकेसाठी दिला होता,
लग्न झालं, गिऱ्हाईक फिरकलं नाही.
हे मी त्यांना.

मुखेडचा आला. बावीस दिवस जुना.
एकशे चाळीस पानं जशीच्या तशी.
पुढची सहा नाहीत.
एक्केचाळीस शब्द, ते म्हणाले.
कंडक्टर आकडा विसरत नाही.
कोणते, ते मात्र दोघांनाही सांगता येईना.
माझ्या बोटांतून गेलेले सगळे, एकेक अक्षर दाबून,
आणि बोटं कोरडी.
वाढवणा पाटीला एक बाई चढली होती, ते म्हणाले,
कोंबडी घेऊन.
कोंबडीवरून भांडली माझ्याशी, हाफ तिकीट कशाचं म्हणून,
आणि जाता जाता काहीतरी बोलली.
कोंबडी आठवायली. लुगड्याचा काठ आठवायलाय.
सुट्टे किती दिले ते बी.
शब्द न्हाई.

त्या दिवशी पहिल्यांदा ते खुर्चीत बसले.

आता पास काढलाय. प्रवासी म्हणून फिरतात,
त्याच गाड्या, मागच्या चाकावरची सीट.
गुरुवारी आले, विचारलं, भेटली का ती?
दुसरीच भेटली, म्हणाले. तिनं दुसराच दिला.
कागद पुढं सरकवला. पाठकोरा, बसस्टँडवरच्या जाहिरातीचा.
हा कुठं घालू? ओळी भरल्यात.
घाल शेवटी. उभ्यानं.

मी टाईप केला. त्यांनी वाचला.
हात कागदाकडं गेला फाडायला, आणि थांबला;
घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.
मी सेव्ह दाबलं, पेनड्राइव्ह काढला,
चिठ्ठी नवी लिहिली.
त्यांनी किल्लीनं टेबलाच्या पत्र्यावर
दोनदा वाजवलं.

मुखेडची गाडी पावणेसहाला असते.