सावलीचा तक्ता

घंटेच्या खांबाची सावली मोजायची होती.
टेप एकच, शिंप्याकडून मागून आणलेला,
एक ते सात आकडे घासून गेलेले.
म्हटलं, विती वापरा.
तबस्सुमच्या भरल्या अकरा,
ज्ञानोबाच्या नऊ. झालं, भांडण.
"सर, हिचा हातच आखूड हाय."
"सर, ह्यो अंगठा उचलूलालाय."
मग मी माझी वीत टाकली. सहा आणि थोडं.
माझ्यावरही कुणाचा विश्वास बसला नाही.

खडूनं रेघ मारेपर्यंत
सावली दोन बोटं सरकलेली.
"पळूलाली की ओ," रुक्मिण म्हणाली, हळूच,
मोठ्यानं बोललं तर अजून पळेल म्हणून.

तक्ता आखला: दहा, अकरा, बारा, दोन.
औशाची एसटी येते तेव्हाचाही एक रकाना होता,
पण ती रोज वेगळ्या वेळी येते,
पोरांनीच तो खोडायला लावला.

सांजच्याला वह्या तपासत बसलो.
रुक्मिणच्या वहीत बाराच्या घरात आकडाच नाही.
लिहिलंय:
"सावली खांबापाशी जेवाया बसली."

लाल पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.

दुसऱ्या दिवशी बाराला
बाहेर जाऊन पाहिलं.
बसली होती खरी.