बासष्ट

पहिल्या दिवशी वाटलं, अख्खा किनारा वाजतोय.
पाऊल टाकलं की टूं. थांबलं तरी टूं.
जणू लिएपायाच्या वाळूखाली
कुणी भांड्यांचं दुकान पुरून ठेवलंय.

मातीस काठावर बसून सफरचंद खात होता.
वय वर्षं चौदा. माझा मास्तर.
तासाला दोन युरो, वर गाजराच्या दोन गोड पुऱ्या.
म्हणाला, "आउस्मा मावशी, बूट."

बूट ट्राम डेपोच्या वर्कशॉपातले,
निवृत्तीच्या दिवशी कुणाला न सांगता आणलेले.
एकतीस वर्षं लोकांची तिकिटं तपासली,
शेवटच्या दिवशी एवढं चालतं.
चवड्यावर आत पोलाद.
मघापासून मी स्वतःचीच बोटं शोधत होते.

काढले. एप्रिलची वाळू पायांना कडकडून चावली,
आणि सगळं गप्प झालं.
इतकं, की डाव्या कानालाही ते गप्प होणं कळलं.
तो कान वळणावरच्या चाकांनी कधीच नेलाय.

"झाडू मारू नको," मास्तर म्हणाला,
"झाडू शेवटी उचलला जातो.
इस्त्री कर. कडेपर्यंत सपाट."
इस्त्री म्हटल्यावर हाताला समजलं.
मग ओल्या वाळूवर तबकडी वरखाली करून
यंत्राला समुद्राची ओळख करून दिली:
हा असा. याचं मीठ कुरकुरत राहणार.
याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.
(आमचा समुद्र तसा अळणी. तरी कुरकुरतो.)

उत्तरेला, जिथे झारचे किल्ले पाण्यात कलंडलेत,
तिकडे जायचंच नाही.
तिथे वाजलेलं खणत नाहीत, फोन करतात.

बासष्ट, पडद्यावर.
गुडघे टेकले, खणलं. बिअरच्या डब्याची कडी.
बासष्ट. कडी.
बासष्ट. कडी, आणि उठताना गुडघ्यांचा आवाज,
त्याला आकडा नाही.
"सोन्याची अंगठीसुद्धा बासष्ट असू शकते," तो म्हणाला.
"यंत्राला फरक कळत नाही."
"मग कुणाला कळतो?"
"फावड्याला."

खरंय. फुकट्यासुद्धा
खिडकीबाहेर अगदी तिकीटवाल्यासारखाच बघत बसतो.
प्रत्येकाला विचारावं लागतं.

चौथी बासष्ट. चाळणी हलवली.
कडी. आणि कडीशेजारी, न बोलावता आलेला,
द्राक्षाएवढा पिवळा खडा.
अंबर! यंत्रानं चकार शब्द काढला नव्हता.
हात खिशाकडे गेला
आणि मातीस असा ओरडला
की मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.

खिशात नको. लष्करानं बुडवलेलं फॉस्फरस
लाटेबरोबर येतं, दिसायला हुबेहूब असंच.
ओलं असतं तोवर गुणी बाळ.
वाळलं की पेटतं.
त्याच्या मामाच्या मांडीवर तळहाताएवढी जागा आहे,
तिथे केस उगवत नाहीत.

माशांच्या रिकाम्या डब्यात खडा ठेवला,
डबा वाळूवर, आम्ही चार पावलं लांब.
मला राहवलं नाही, तबकडी हळूच डब्यावरून फिरवली.
डबा, डबा, डबा, म्हणून यंत्र कोकललं.
आतल्याबद्दल ताकास तूर लागू दिली नाही.

"किती वेळ?"
"वाळेपर्यंत."
त्यानं दुसरी पुरी काढली, अर्धी मला दिली.
पाय बधिर झाले होते, पण बूट घातले नाहीत.
ऊन होतं म्हणायला.
मध्येच तो उठायचा, लांबूनच वाकून बघायचा,
परत येऊन बसायचा.

अजून ओला होता.