मळारहून नार्वे, सकाळची फेरीबोट

शर्टाच्या खिशात नळी आहे,
बोटाएवढी, हिरव्या टोपणाची.
वर उभ्या काळ्या रेघा, बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा,
आणि रेघांखाली मी:
रोहिदास शाबा मांद्रेकर, पुरुष, एकेचाळीस.

डावीकडे इनासची पावाची सायकल,
उजवीकडे तिसऱ्यांची टोपली.
टोपलीमागची बाई विचारते, खंय रे चल्लो?
मयेला, म्हणतो. बँकेत.
अगदीच खोटं नाही.
जमाच करायचंय काहीतरी.

आमच्या जुन्या घरामागे
चार पायऱ्यांवर एक खोली होती,
खाली उतार, उताराच्या तोंडाशी डुक्कर.
बाबांच्या वहाणा वाजल्या की ते धावत यायचं.
शेवटची दोन वर्षं बाबांच्या पोटातून काय जात होतं
ते त्याच्याखेरीज कुणी पाहिलं नाही.
घरात शब्द एकच, मूळव्याध.
सुरण, ताक, डिचोलीच्या वैद्याच्या पुड्या.
बावन्नाव्या वर्षी बाबा इतके हलके झाले
की होडीत घ्यायला एक माणूस पुरला.

उपेंद्रदादाच्या वेळी पांढरा कमोड आला होता.
त्यानं पाहिलं असणार.
पाणी सोडलं असणार.
बांबोळीला नेला तेव्हा शेचाळीस.

डॉक्टर आवेलीननं कागद ओढला.
पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ.
बाबांचा चौकोन काळा केला, दादाचा केला,
शाई रेघेबाहेर फुटली.
शेजारी मी, रिकामा.
"बाकीच्यांना मी पन्नाशीच्या आसपास बोलावते.
तुमच्या घराचं घड्याळ पुढे आहे.
भावाच्या वयातून दहा वजा करा."
केले. छत्तीस.

छत्तीसाव्या वर्षी मी खाजनाच्या बांधावर होतो,
भरतीआधी खेकड्यांची बिळं शोधत,
काठी खुपसून, चिखल थापून.
बांध फुटतो तो लाटेनं नाही,
हे मी पोरांना शिकवायचो.

"तुमच्यासाठी खरी तपासणी कॅमेऱ्याचीच,
दोनदा तारीख दिली."
दोनदा मी गेलो नाही.
एकदा मानशीचं दार निखळलं होतं.
दुसऱ्यांदा काहीच निखळलं नव्हतं.
"मग निदान ही तरी न्या.
उपास नाही, सुई नाही, कुणी हात लावणार नाही.
डोळ्यांना न दिसणारं रक्त हिला दिसतं.
नाही दिसलं तरी सुटलो म्हणू नका,
कॅमेरा आहेच."

पहाटे जुनं वर्तमानपत्र पसरलं,
वधू पाहिजे, वर पाहिजे, त्यांची माफी मागून.
खाचांची काडी चार ठिकाणी टोचली,
नळीत घातली, टोपण दाबलं.
टिक.
एवढ्यासाठी मी सहा महिने घाम गाळला होता.
दाराबाहेरून बायको म्हणाली, झालं?
दहावीचा पेपर देऊन आलेल्या मुलाला विचारतात तसं.
सोपा होता, म्हणालो.

काल रात्री शशिकलेचा फोन, मस्कतहून.
डॉक्टरच्या कागदाचा फोटो मीच पाठवला होता,
गंमत म्हणून, बघ आपलं घर कसं दिसतं.
ती बराच वेळ बोललीच नाही,
मागे कुणाचा तरी मिक्सर चालू होता.
मग म्हणाली, दादा,
हे टोकाचं वर्तुळ कुणाचं?

बोट धक्क्याला लागते, लोखंडी फळी खाली आपटते,
इनासची सायकल आधी, मग स्कूटर, मग आम्ही पायी.
माझा हात खिशावर,
अंडं घेऊन चालल्यासारखा.
टोपली डोक्यावर चढवता चढवता बाई म्हणते,
बँक धा वरांचेर उगडटा रे.

ठाऊक आहे, म्हणतो.