सतरा नंबरचं बोअर

शिवडीच्या गोदामात, खाडीच्या चिखलाच्या वासात
पत्र्याच्या पेट्यांमधून निजलेत खडकाचे दांडे,
करडे, मनगटाएवढे,
मध्ये मध्ये लाकडी ठोकळे: इथे इतकं खोल.
खाण इथून सातशे किलोमीटर.
डोंगर असा सुटा सुटा येतो, ट्रकने,
आणि मी भिंग लावून बसते.

लॅबचा कागद सकाळी आला.
एकशे बेचाळीस ते एकशे चोपन्न मीटर,
बारा ओळी.
अकरांत पॉइंट तीन, कुठे त्याहून थोडं खाली-वर,
म्हणजे टनभर दगडात ज्वारीचा अर्धा दाणा.
आणि एका ओळीत एकतीस.

फोर्टातून मखिजासाहेबांचा फोन:
"बारा मीटर, सरासरी दोन पॉइंट नऊ. बरोबर ना?"
बेरीज बरोबर आहे, साहेब.
मजल्यावरच्या अकरा बिऱ्हाडांत चूल पेटली नाही,
बाराव्याकडे लग्नाची पंगत,
तर सरासरीने सगळेच जेवले.
हे मी बोलले नाही. म्हटलं, दोन दिवस द्या.

त्या मीटरचा उरलेला अर्धा दांडा
भिंगाखाली तीनदा फिरवला.
क्वार्ट्झची शीरसुद्धा नाही. नुसता मुका खडक.

मग दांडे कापणाऱ्या मोरेश्वर तांडेलला विचारलं,
कुठल्या हाताने धरतोस रे?
त्याने उजवा पुढे केला.
मे महिन्यात लग्न झालेलं,
सासऱ्याने घातलेली अंगठी,
आणि तिची एक कड चकतीने खाल्लेली,
ताजी, पिवळीधमक.
"दागिने काढा"ची पाटी त्याच्या डोक्यावरच होती.

झवेरी बाजारातली पावती त्याने पाकिटातून काढली:
चार ग्रॅम, बावीस कॅरट.
आमच्या काट्यावर अडुसष्ट मिलिग्रॅम कमी.
नमुना दोन किलोचा.
पावतीच्या पाठीवर मी गणित मांडलं,
उत्तर ठाऊक असूनही सावकाश.
एकतीस.

अहवालात लिहिलं: नमुना दूषित, ओळ रद्द.
साहेबांचे तीन मिस्ड कॉल.

मोरेश्वर बोट चोळत उभा होता.
"मॅडम, नोकरी जाईल का?"
नाही, म्हटलं. अजून तरी नाही.
तो पेटीचं झाकण लावायला वाकला,
अर्ध्यात थांबला.
"आणि ते... लॅबवाल्यांकडून परत मिळेल का?
तिला अजून सांगितलं नाही."