अंतर, किलोमीटरमध्ये

लिहा बाई, दीड.
फॉर्मात चौकट तेवढीच आहे, दीड मावेल.

धरणाआधीही दवाखाना पलीकडच्या उतारावरच होता,
मधे ओढा. चार दगडांवर पाय टाकले की पार.
मला खोकला झाला की आई पाठीशी बांधून न्यायची,
परत येताना तिच्या ब्लँकेटला औषधाचा वास.
ती वाट अजून तिथेच आहे, माझ्या होडीच्या बरोबर खाली.
वारा पडला की आमच्या गोठ्याच्या भिंतीही दिसतात,
दगडावर दगड, एकही हललेला नाही.

रस्त्याने? रस्त्याने घोड्यावर दीड दिवस.
दीडच लिहा, कुणाला कळणार आहे.

हिवाळ्यात मात्सेपिसोला आणली.
घोड्यावर बसवेना, म्हणून घराचं दार काढून त्यावर निजवली,
चौघांच्या खांद्यावर.
जिवंत माणसाला असं आणू नये. आणलं.

बाई, तुम्ही शहरातल्या, पण आपल्यातल्याच,
तुम्हाला वेगळं काय सांगू:
सून उंबऱ्यात आली की आपण तिला आई म्हणतो,
मूल मागाहून येतं, नावाच्या मागोमाग.
त्सेपिसो म्हणजे वचन. सासऱ्याने निवडलं होतं,
त्याच वर्षी पुलाची मोजणी झाली होती.
चार वर्षं गाव तिला हाक मारत होतं
आणि तो यायचा होता.

मोटरला पेट्रोल नव्हतं. मी वल्ही घेतली.
मध्यावर वारा उलटला.
सासूने ब्लँकेटचा आडोसा धरला, मी पाठ फिरवली,
पाठ फिरवूनच वल्हवत राहिलो;
मागून सगळे आवाज आले,
एक सोडून.

किनाऱ्यावर नर्स कंदील घेऊन उभी होती, न्थाबेलेंग,
तीन डोंगरांना मिळून एकटी.
आधी तिने आईचं रक्त थांबवलं. ती वाचली.
मग वहीत लिहिलं, आणण्यापूर्वीच.
लिहिताना तिने मला विचारलं,
कुठे झालं? गावाचं नाव?
मी पाण्याकडे बोट केलं.
खाली गाव आहेच की आमचं.

तिला अजून मात्सेपिसोच म्हणतात.
दिलेलं नाव परत घ्यायची रीत नाही.

हे पाणी मात्र थांबत नाही कुणासाठी.
डोंगर पोखरून त्याला वाट काढून दिलीय,
अंधारातल्या अंधारात सरहद्द ओलांडतं
आणि शेजारच्या देशात नळातून उजेडात येतं.
कागद नाही, पास नाही.
मला राग नाही त्याचा. तहान तर सगळ्यांनाच असते.
फक्त रात्री होडी बांधताना वाटतं,
पाण्यासाठी एवढा मोठा डोंगर फोडला यांनी.

चला, बसा. मधोमध बसा, उभ्या राहू नका.
कागद कोटाच्या आत घाला, शिंतोडे उडतात.
आणि तो आकडा पेन्सिलीने लिहा,
दुपारनंतर वारा सुटतो.

दवाखान्याला जाणाऱ्याकडून मी पैसे घेत नाही.
तुमच्याकडून घेईन.